खिडकीची प्रतीक्षा

नव्या वस्तूची वाट पाहण्याचे माझे वय उलटून गेले आहे, असे घरात सर्वांचेच मत आहे. लेक बंगळुरूहून फोन करते तेव्हा हटकून विचारते, "बाबा, आला का तुमचा कॅमेरा?" तिच्या मोबाइलवर माझ्याहून नेटकी छायाचित्रे निघतात, हे मला मान्य आहे. पण मी वाट पाहतो आहे ती एका खिडकीची. रेंजफाइंडर जातीचा नवा डिजिटल कॅमेरा येणार अशी कुणकुण लागली की जाणकार मंडळी त्याचे मेगापिक्सेल विचारतात. मला एवढेच जाणून घ्यायचे असते, की डोळा लावायचा तो काचेला की पडद्याला?

ज्यांनी हे यंत्र हाताळलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. या कॅमेऱ्याची खिडकी लेन्समधून पाहत नाही. ती लेन्सच्या वर, एका कोपऱ्यात स्वतंत्रपणे उघडते. तिच्यापासून काही अंतरावर दुसरी, अगदी चिमुकली खिडकी असते. लायकाच्या एम मालिकेत हे अंतर सुमारे 69 मिलिमीटर आहे. माणसाच्या दोन बुबुळांमध्ये असते त्याहून थोडेसेच अधिक. चिमुकल्या खिडकीतून आत आलेले दृश्य वळवून मोठ्या खिडकीच्या मध्यभागी, एका लहानशा चौकोनात आणून सोडलेले असते. त्यामुळे त्या चौकोनात प्रत्येक वस्तू दोनदा दिसते. लेन्सचे कडे फिरवीत गेले की ती दोन रूपे एकमेकांकडे सरकू लागतात, आणि ती एक झाली की फोकस जुळलेला असतो. आपले दोन डोळे जे काम जन्मभर न सांगता करीत असतात, ते इथे बोटांनी करावे लागते. या कामात एक विलक्षण समाधान आहे. दुभंगलेला चेहरा आपल्या हातून सांधला जातो.

माझ्याजवळ आहे तो काकांनी परदेशातून आणलेला याशिका इलेक्ट्रो 35. हा कॅमेरा 1966 साली बाजारात आला, आणि मध्यमवर्गीय घरांना परवडला. लायका हे आमच्यासाठी पुस्तकात वाचायचे नाव. तिच्या डिजिटल कॅमेऱ्याची किंमत आजही लाखांत मोजावी लागते. पण खिडकीचा धर्म दोहोंचा एकच. काचेतून जवळचे आणि दूरचे सारखेच स्पष्ट दिसते, आणि त्या दृश्यावर प्रकाशाची एक चौकट तरंगत असते. चौकटीच्या बाहेरही जग चालूच असते. बडोद्यात मांडवीच्या कमानीखाली मी उभा राहिलो की डावीकडून येणारी सायकल, उजवीकडे थबकलेली गाय, पायरी उतरणारी म्हातारी ही सारी चौकटीत शिरण्याआधीच मला दिसत असतात. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर राहू द्यायचे, हे ठरवायला दोन क्षण मिळतात. एसएलआर कॅमेऱ्यात बटण दाबताच आरसा वर उचलला जातो आणि नेमका छायाचित्राचा क्षण तेवढा छायाचित्रकाराला दिसत नाही. इथे तसे होत नाही. तो क्षण आपण पाहिलेला असतो. त्यातच कोणी पापणी मिटली तर तेही कळते.

डिजिटलच्या लाटेत ही खिडकी वाहून जाणार असे मी धरून चाललो होतो. पण 2004 साली जपानमधून एप्सनचा आर-डी 1 आला. डिजिटल रेंजफाइंडर म्हणावा असा हा पहिलाच कॅमेरा. त्याची खिडकी एकास एक प्रमाणाची होती. म्हणजे तिच्यातून वस्तू नुसत्या डोळ्याला दिसते तेवढीच दिसे. दुसरा डोळा उघडा ठेवला की कॅमेरा जणू विरून जाई आणि भर रस्त्यावर अधांतरी चौकट तेवढी उरे. गंमत म्हणजे त्याला फिल्म ओढण्याचा खटकाही होता. आत फिल्म नव्हती. तो ओढायचा तो शटर सज्ज करण्यासाठी. काहींना हा नाटकीपणा वाटला. मला त्यात बनवणाऱ्याची माया दिसली.

पुढे 2006 मध्ये लायकाचा एम 8 आला. त्याच्या चौकटीच्या रेषा 0.7 मीटर अंतरासाठी बेतलेल्या होत्या. दूरच्या दृश्यात खिडकी दाखवी त्याहून बरेच अधिक छायाचित्रात येई. 2008 च्या एम 8.2 मध्ये हे अंतर 2 मीटर करण्यात आले. एवढ्याशा फरकासाठी माणसे हट्ट धरतात याचे मला कौतुक वाटते. चौकट हा छायाचित्रकाराने जगाला दिलेला शब्द असतो, आणि तो कोणत्या अंतरावर खरा ठरवायचा, हा प्रश्न क्षुल्लक नाही. 2012 च्या फुजीफिल्म एक्स-प्रो 1 मध्ये तर एका खिडकीत दोन्ही सोयी होत्या. पुढचा खटका दाबला की काचेच्या जागी पडदा, पुन्हा दाबला की काच. पण त्यात फोकस यंत्रच जुळवी. दुभंग चेहरा सांधण्याचे काम राहिले नाही.

हे सारे मी आवडीने वाचीत आलो. पण आता या वाचनाला वेगळी धार आली आहे. उजव्या डोळ्याच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजू लागल्याचे निदान झाले आहे. डॉक्टरांनी एक छापील कागद दिला. त्यावर चौकड्यांची जाळी आणि मधोमध एक ठिपका. डावा डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायचे आणि भोवतालच्या रेषा सरळ दिसतात का ते तपासायचे. माझ्या रेषा ठिपक्याजवळ पाण्यात पडल्यासारख्या वाकतात. कडेच्या रेषा मात्र खणखणीत सरळ. रेंजफाइंडरचा चौकोनही नेमका मध्यभागीच असतो. याशिकातला तो पिवळसर चौकोन आता मला धुरकट डागासारखा दिसतो. त्यातले दोन चेहरे एक झाले की नाहीत, हे सांगता येत नाही. भोवतीची प्रकाशाची चौकट मात्र पूर्वीइतकीच स्वच्छ आहे.

डावा डोळा लावावा, असे कोणीही सुचवील. पण ही खिडकी कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाला असते ती उजव्या डोळ्यासाठी. उजवा डोळा आत, डावा मोकळा. डावा लावला की कॅमेऱ्याचा देह उजव्या डोळ्यावर येतो, नाक मागच्या बाजूवर चेपते आणि उघडे जग झाकले जाते.

2025 मध्ये लायकाने एम घराण्यात प्रथमच एक असा कॅमेरा आणला, ज्यात दोन खिडक्या नाहीतच; कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक पडदा आहे. त्यावर हवा तो भाग मोठा करून पाहता येतो, फोकस जुळलेल्या कडा रंगवून दाखवता येतात. खरे तर तो माझ्यासारख्यांसाठीच केलेला आहे. डोळ्याचा जो भाग निकामी होतो आहे त्याचे काम तो पडदा उचलील. पण पडद्यावर चौकटीबाहेर काही नसते. तिथे काळोख सुरू होतो. सायकल येताना दिसणार नाही. ती एकदम आत असेल. माझ्या डोळ्याला जे अजून नीट दिसते, त्या कडाच तो काढून घेईल, आणि जे दिसत नाही ते मोठे करून दाखवील. औषधाने आजाराची जागा बदलावी, तसे काहीसे.

म्हणून मला हवी ती खिडकी माझ्या मनात तयार आहे. काच एकास एक प्रमाणाची असावी, चौकट अंतराप्रमाणे लहानमोठी व्हावी, आणि फोकस जुळल्याची खूण मध्यभागी न देता चौकटीच्या एखाद्या कोपऱ्यात, इवल्याशा दिव्याने द्यावी. एवढे कोणी केले तर लेकीच्या हसण्याकडे दुर्लक्ष करून मी साठवलेले पैसे मोडीन.

तोवर एक जुनी युक्ती कामाला येते. याशिकाची 45 मिलिमीटरची लेन्स 11 च्या छिद्रावर आणि 3 मीटर अंतरावर ठेवली, की सुमारे दोनपासून साडेपाच मीटरपर्यंतचे सारे बऱ्यापैकी स्पष्ट येते. पिवळ्या चौकोनाकडे पाहावे लागत नाही. तीन मीटर म्हणजे माझी साडेचार पावले. सकाळी फिरायला निघालो की विजेच्या खांबापासून मागे येत ती मोजतो. दुधाची पिशवी हातात असली तर पाच होतात.