तीन ओळींची वही

बालेवाडीच्या क्रीडासंकुलाचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेली ती श्री शिवछत्रपती क्रीडानगरी. तिला अगदी लागून आमचं महाळुंगे. (चाकणजवळचं महाळुंगे वेगळं बरं का! आमचं मुळशी तालुक्यातलं.) २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेलं.

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये इथे राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा मी आठवीत होतो. देशोदेशीचे खेळाडू बघून माझ्या डोक्यात खेळाचं वारं शिरलं. त्यातही मला भुरळ पडली नेमबाजीची. वडिलांच्या मागे भुणभुण लावून मी एका लहानशा खासगी वर्गात नाव घातलं.

एअर रायफलचं लक्ष्य दहा मीटरवर असतं. त्यातला दहा गुणांचा ठिपका किती मोठा असेल, सांगा पाहू? फक्त अर्धा मिलिमीटर! पेन्सिलीने कागदावर टिंब द्या, ते त्याहून मोठंच भरेल. म्हणून नेमबाजाला गोळी झाडण्यापेक्षा आधी स्थिर उभं राहायला शिकावं लागतं. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी दोन कामं दिली. घरी रोज पंधरा मिनिटं, रायफल समजून एक जड दांडा खांद्याला लावून भिंतीवरच्या टिंबाकडे बघत उभं राहायचं. आणि वहीत रोज तीन ओळी लिहायच्या : आज काय केलं, काय चुकलं, उद्या काय बघायचं.

मला आवडायचं ते ‘फट्’ असा आवाज काढणं. दांडा धरून भिंतीकडे बघत बसण्यात कसली आलीय मजा? आठवडाभर केलं. मग घरी पाहुणे आले. मग शाळेची चाचणी आली. मग वहीच सापडेना! शेवटी निवडचाचणीच्या आदल्या रात्री मी काय केलं असेल? नवी वही आणून एका बैठकीत महिन्याभराच्या ओळी खरडून काढल्या. सरांनी वही चाळली. सगळी शाई एकसारखी, अक्षर एकसारखं, पानाला साधी चुरगळीही नाही. ते काहीच बोलले नाहीत. वही मिटली आणि माझ्या हातात दिली. ते रागावले असते तर परवडलं असतं.

चाचणीत माझा खांदा विसाव्या गोळीलाच थरथरू लागला. सुरुवातीला माझ्या मागे असलेली एक मुलगी निवडली गेली. तिच्या वहीवर तेलाचे डाग होते, कोपरे दुमडलेले होते. माझी नेमबाजी तिथेच संपली.

दहावीनंतर मी आयटीआयला टर्नरचं काम शिकलो आणि भोसरीच्या एका कारखान्यात सीएनसी लेथवर लागलो. तिथे पहिल्याच महिन्यात मी मापाचा एक आकडा चुकीचा भरला आणि बारा शाफ्ट भंगारात गेले. त्या रात्री झोप येईना. उठलो, भावाची अर्धी कोरी वही घेतली आणि लिहिलं : आज काय केलं, काय चुकलं, उद्या काय बघायचं.

तुम्हाला वाटेल, मग काय, वही सुरू झाली आणि गाडी सुसाट सुटली! छे हो. पहिले सहा महिने त्या वहीचा काडीचाही उपयोग झाला नाही. ‘आज विशेष काही नाही’ असं लिहिलेली पानंच जास्त. कधी दोन शिफ्ट करून आलो की डोळे मिटायचे, तेव्हा तीनच शब्द लिहायचो. पण लिहायचो. एवढी लहान गोष्ट टाळायला निमित्तच सापडायचं नाही. रोज दोन पानं लिहीन असं ठरवलं असतं तर दुसऱ्याच आठवड्यात वहीची रद्दी झाली असती, याबद्दल मला शंका नाही.

मग एकदा गिऱ्हाइकाकडून माल परत आला. काही शाफ्ट दोन शतांश मिलिमीटर जाड भरले होते. दोष आला माझ्या शेजारच्या मशीनवरच्या मित्रावर. तो कंत्राटी, घरी धाकटी भावंडं. त्याला काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. मी घरी येऊन वही उलटत बसलो. एक गोष्ट नजरेला खटकली. ‘पहिले नग जाड’ अशी नोंद पुन्हा पुन्हा होती, माझ्या मशीनवरसुद्धा, आणि ती प्रत्येक वेळी शुक्रवारची!

भोसरीकडे कारखान्यांना सुट्टी असते गुरुवारी. मशीन दिवसभर थंड पडलेलं असायचं, आणि मापं मात्र बुधवारी तापलेल्या मशीनवर जुळवलेली. लोखंड तापलं की वाढतं हे तुम्ही विज्ञानात शिकलाच आहात. १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा एका अंशाला एक सहस्रांश मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. दहा-पंधरा अंशांचा फरक पडला की झालं! जुन्या कारागिरांना हे ठाऊक असतंच, पण घाईत पाळत कुणी नव्हतं. फोरमनसाहेबांनी माझी चुरगळलेली वही पाच मिनिटं वाचली. त्यानंतर दर शुक्रवारी मशीन आधी वीस मिनिटं रिकामं फिरवायचं ठरलं. मित्र राहिला. वर्षभराने मला तपासणी विभागात घेतलं.

१ ऑगस्ट २०२४ ला आम्ही सगळे मोबाइलला चिकटून बसलो होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, ४५१.४ गुणांनी. तो सराव करायचा आमच्या बालेवाडीलाच. २००९ साली तो क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, म्हणजे मी माझी खोटी वही खरडली त्याच सुमाराला. वयानेही माझ्याच बरोबरीचा. मधल्या पंधरा वर्षांत त्याने रेल्वेत नोकरीही केली. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला, पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई खेळातही वैयक्तिक प्रकारात चौथाच. चौथ्याच्या गळ्यात काही पडत नाही. तरी दुसऱ्या दिवशी रायफल उचलायची म्हणजे काय, हे आमच्यात बहुधा माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, कारण मी ती ठेवून दिली होती.

हो, आणि ती शाई एकसारखी असलेली वही मी अजून टाकलेली नाही. खऱ्या वह्यांच्या चळतीत सगळ्यात खाली आहे. सध्या एकोणिसावी चालू आहे. कालच्या पानावरची तिसरी ओळ : ‘मायक्रोमीटरचा शून्य तपासणे.’ उद्या शुक्रवार आहे, लवकर निघायला हवं.