पोकळीतलं तांबं

तांबं 50 हर्ट्झला अडवत नाही. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाही. मुलगा स्ट्रॅटोकास्टर घेऊन येतो, म्हणतो, "काका, फार आवाज करते ही." आपण पिकगार्ड उचलून पोकळी दाखवतो. आत नुसतं लाकूड आणि रंग. "शील्डिंगच नाहीये," म्हटलं की त्याचा चेहरा खुलतो; रोग सापडला. मग कॉपर टेप, मग बिल. घरी जाऊन तो खूशही होतो, कारण आवाज खरोखर कमी झालेला असतो. फक्त गेलेला आवाज एक आणि ज्याची तक्रार घेऊन तो आला होता तो बहुधा दुसराच.

भिंतीतल्या वायरी, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर, यांच्या विद्युत क्षेत्रातून जी येते ती खरखर. वाजवणाऱ्याचं शरीर ती गोळा करतं आणि गिटारच्या पोटात सोडतं. म्हणून तर ब्रिजला अर्थची तार जोडतात. हात तारांना लागला की शरीरही अर्थ होतं आणि खरखर बसते. हात उचलल्यावर जेवढी वाढते, तेवढी तांब्याची कमाई. ट्रान्सफॉर्मरची, मोटारीची गुणगुण मात्र चुंबकीय. ती थेट पिकअपच्या कॉइलमध्ये शिरते आणि तिला हात लावा, पाय लावा, काही फरक नाही. 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र जाणवण्याइतकं दाबायचं तर तांबं सेंटीमीटरभर जाड लागेल, आणि आपली पट्टी मिलिमीटरच्या दहाव्या भागाचीही नसते. समजा, तेवढं जाड बसवलं. तरी पिकअपचं तोंड तारांकडे उघडं ठेवावंच लागणार, कारण तारेचं कंपन तो चुंबकानेच ऐकतो. गाणं ज्या दारातून आत येतं, गुणगुण त्याच दारातून येते. या दाराशी मी आयुष्यभर अडून बसलोय.

हे सगळं माहीत असूनही पोकळी तांब्याने मढवण्यात मी जो जीव ओतला, त्याला उपयोगाचा हिशेब पुरत नाही. आधी तळ, मग भिंती, पट्ट्या कौलांसारख्या एकावर एक चढवायच्या. कोपऱ्यात टेप ताणली की फाटते, म्हणून तिथे छोटी चीर देऊन बांबूच्या काडीच्या बोथट टोकाने दाबत न्यायची. काठावर बोटाच्या पेराएवढी घडी बाहेर काढायची, म्हणजे पिकगार्डच्या फॉइलला ती टेकते. ज्या टेपचा गोंद वीज वाहून नेतो म्हणून विकतात, तिच्यावरही मी सांध्यासांध्याला डाखाचा थेंब देतो. गोंदावर माझा विश्वास नाही, मुंबईच्या दमट हवेत तर नाहीच. वर्ष उलटलं की तो सुटतो आणि सांध्याशी हिरवट डाग धरतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी केलेली एखादी गिटार परत आली, की मी आधी तिची तक्रार ऐकत नाही, पिकगार्ड उचलून माझे सांधे बघतो. त्या बंद पोकळीत कोणी डोकावणार नाही हे माहीत असताना मी डाखाचे थेंब एका ओळीत, सारख्या अंतरावर देतो. एक शेजारी कारागीर म्हणायचा, "तू गिटार नाही, देव्हारा बांधतोस." मला ते टोमणा म्हणून कधीच लागलं नाही.

तो स्वतः काळा कंडक्टिव्ह रंग फासायचा, दोन हात, झालं. त्याचं काम चालायचं, हेही खरं. मला तो रंग आवडत नाही आणि त्याची तांत्रिक कारणं मी हवी तितकी देईन, पण मूळ कारण एवढंच, की तो दिसायला घाण दिसतो.

हल्लीची मुलं व्हिडिओ बघून 'स्टार ग्राउंडिंग' करून आणतात. प्रत्येक पॉटच्या पाठीवरची वायर तोडून सगळ्या एका वॉशरवर आणायच्या, म्हणे ग्राउंड लूप होतो. अँप्लिफायरमध्ये, दोन वेगवेगळ्या सॉकेटवरच्या यंत्रांमध्ये लूप हा खरा शत्रू आहे. गिटारच्या पोटात, वीतभर जागेत, शील्ड केलेल्या डब्यात लूपने कोणाचं काही बिघडल्याचं मी ऐकलेलं नाही. पण पोरं रात्र जागवून ते करतात, आणि ब्रिजची वायर ट्रेमोलोच्या स्प्रिंगा धरणाऱ्या क्लॉवर जिथे लागते तो सांधा मात्र थंड डाखाचा, हलवला की निघतो. तो एवढा मोठा लोखंडी तुकडा तापवायला 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, हे व्हिडिओवाला सांगत नाही.

हसून सोडून देता येतं ते इथवर. अँपच्या प्लगची अर्थची पिन उपटणारे मात्र मला सहन होत नाहीत. "काका, पिन काढली की हम जातो." जातो ना, आणि गिटारच्या तारा आणि तुझ्या छातीमध्ये मग काही उरत नाही. मंडपात, जनरेटरवर, पावसात ऑर्केस्ट्रा वाजवलेल्या कोणालाही विचारा. माइकला ओठ टेकले आणि झटका बसला, हे प्रत्येकाने भोगलंय. 1972 साली स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी वेल्समधल्या स्वान्सीत स्टेजवरच गेला, अर्थ नसलेल्या माइकला हात लागून. 1976 मध्ये यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ घरी गिटार वाजवताना गेला. ब्रिजची तार, जी खरखर बसवते, तीच हे दार उघडते.

यावर एक तोडगा फिरतो: ब्रिजच्या तारेत 0.33 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, म्हणजे झटका लागला तरी सौम्य लागेल. हा अमेरिकेतून आलेला नुस्खा, तिथल्या 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचा. आपल्या 230 व्होल्ट, 50 हर्ट्झला मांडून बघितलं तर त्यातून जवळजवळ 24 मिलिअँप वाहतात. दहाच्या पुढे गेलं की पकडलेला हात सोडवता येईनासा होतो. घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की ती तोडणारा स्विच, 30 वर पडतो. म्हणजे 24 ला तो पडेलच असं नाही आणि तारांवरचा हात सुटणार नाही. तरी पोरं ते घालतात, वर मला दाखवायला आणतात. कपॅसिटर घालायचाच तर 0.001 चा घाला, पुरेशा व्होल्टचा. खरं तर अर्थिंग नीट करा आणि घालूच नका.

आता माझ्या कामात जे बदललं त्याबद्दल. माझ्याकडे शिकायला येते ती मुलगी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर आहे. तिने एक स्ट्रॅट तांबं लावण्याआधी आणि लावल्यानंतर लॅपटॉपवर मोजली, त्याच खुर्चीत, त्याच कोनात. आलेखात 50, 100, 150 च्या उभ्या रेघा होत्या तिथेच, तेवढ्याच उंच. त्यांच्यापुढची, हजाराच्या वरची दाट झाडी मात्र भुईसपाट. ती म्हणाली, "काका, तुमचं तांबं वरचं सगळं साफ करतं, खालचं काहीच नाही." मी म्हटलं, हे मला माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या कामाचा असा कापून ठेवलेला नकाशा बघणं वेगळं.

गंमत अशी की त्याच सुमारास कानाच्या डॉक्टरांनी माझाही आलेख काढला होता. वर्षानुवर्षं अँपपुढे बसल्यावर जे होतं तेच: 4000 हर्ट्झपाशी खड्डा, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे उतार. म्हणजे तांबं जे साफ करतं, त्यातलं धारदार तेवढं मला आता नीट ऐकूच येत नाही. आणि जे करत नाही, ते खालचं सगळं ठणठणीत येतं. माझ्या कानाला आता माझ्या कामाचा उपयोग निम्माच. हे मी तिला सांगितलं नाही. शेवटची तपासणी मात्र तिच्याकडे दिली, आणि कारण सांगितलं की तिने शिकायला हवं.

आमचं वर्कशॉप करी रोडला, रुळांपासून फार लांब नाही. 2015 साली मध्य रेल्वेच्या या मार्गावर 1500 व्होल्ट डीसी जाऊन 25 हजार व्होल्ट एसी आलं. त्यानंतर सिंगल कॉइलची गिटार हातात असताना लोकल स्टेशन सोडून वेग घेते तेव्हा गुणगुण फुगते, असा माझा समज आहे. तिने अजून ते मोजलेलं नाही, मीही आग्रह धरलेला नाही. मी आपला गिटार हळूहळू फिरवतो. एका कोनात गुणगुण बसते. कॉइल क्षेत्राला समांतर झाली की तिच्यातून काहीच जात नाही. जुने वादक रेकॉर्डिंगला खुर्ची वाकडी करून बसायचे ते यासाठीच.

कायमचा इलाज काय तो तर 1955 सालीच निघाला. गिब्सनमध्ये सेथ लव्हरने उलट वेढ्यांच्या, उलट चुंबकीय ध्रुवांच्या दोन कॉइल शेजारी ठेवल्या; हाच हंबकर. गुणगुण एकमेकींना मारते, तार मात्र दोघींतून एकाच दिशेने बोलते. तोही अँप्लिफायरवाला माणूस. लिओ फेंडर तर रेडिओ दुरुस्त करायचा, गिटार वाजवता येत नव्हती, आणि 1954 मध्ये त्याने तीन सिंगल कॉइल एकाच लाकडात बसवून ही कटकट आमच्या गळ्यात घातली. पण त्या काचेसारख्या स्वराची चटक लागलेला माणूस हंबकर घेत नाही. एकावर एक कॉइलचे 'नॉइजलेस' पिकअप त्याला दाखवा, ऐकतो, मान हलवतो, "ती मजा नाही" म्हणतो. आणि ती नसते, हे मलाही पटतं.

परवाच्या गिऱ्हाइकाला तिने काम सुरू करण्याआधीच आलेख दाखवला. माझ्या काळात असं कोणी करत नसे. मला वाटलं, गेलं काम. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, विचारलं, "म्हणजे खालचा हम राहणारच?" ती म्हणाली, राहणार. थोडा वेळ तो गप्प बसला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "असू दे. पण काका, तुम्ही केलेल्या गिटारी आतून कशा दिसतात ते मी बघितलंय. तशीच करा, आणि बंद करण्याआधी फोटो पाठवा."

तिने ते काम चटकन आटपायला सुचवलं होतं, सुबकपणाने मोजमापात काही फरक पडत नाही म्हणून. मी दोन संध्याकाळ लावल्या, आणि फोटो काढण्याआधी बोटांचे ठसे थिनरने पुसून घेतले.