चार चुकलेले नेम

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचा सामना ४८ मिनिटांचा असतो. घड्याळ थांबते, खेळाडू घामाने भिजलेले अंग पुसत आत जातात, प्रेक्षक घरी परततात. परंतु त्या सामन्याची चर्चा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी खऱ्या अर्थाने सुरू होते. केशकर्तनालयात, बसथांब्यावर, कारखान्याच्या उपाहारगृहात एकच विषय असतो. कोण चांगला खेळला, कोणी चेंडू उगाच हातात ठेवला, प्रशिक्षकाने कोणाला बाहेर बसवायला नको होते, याची उजळणी चालते. एका हंगामात प्रत्येक संघाला साखळीचे ८२ सामने खेळावे लागतात. म्हणजे बोलण्याच्या विषयाला कधी तोटा नसतो.

या बोलण्यात भाषेची एक गंमत दडलेली आहे. संघ जिंकला की चाहता म्हणतो, 'आपण जिंकलो.' संघ हरला की तोच चाहता म्हणतो, 'ते हरले.' रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या बोलण्यात नेमके हेच आढळले. विजयात वाटा मागणारे 'आपण' पराजयाच्या वेळी हळूच पाऊल मागे घेते. पुष्कळदा तर 'ते'सुद्धा उरत नाही, उरतो तो एकटा 'तो'. 'त्याच्यामुळे हरलो,' या दोन शब्दांचे ओझे एखाद्या माणसाला किती वर्षे वाहावे लागते, हे समजून घ्यायचे असेल तर निक अँडरसन या खेळाडूची हकिकत पाहावी.

फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो हे शहर पर्यटकांसाठी प्रसिद्ध आहे. १९८९ मध्ये तेथील 'ऑर्लँडो मॅजिक' हा नवा संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. नवोदितांच्या निवडीत या संघाने सर्वांत पहिला खेळाडू निवडला तो अँडरसन. तो शिकागोचा. त्याच शहरातील बेन विल्सन या अत्यंत गुणी शाळकरी खेळाडूचा १९८४ मध्ये गोळीबारात मृत्यू झाला होता. त्याची आठवण म्हणून अँडरसन २५ क्रमांकाचा सदरा घालत असे. पुढे शकील ओनील आणि 'पेनी' हार्डवे हे तरुण खेळाडू आले आणि संघ बलवान झाला.

७ मे १९९५ रोजी या संघाची गाठ शिकागो बुल्सशी पडली. निवृत्तीतून नुकताच परतलेला मायकेल जॉर्डन शिकागोकडून खेळत होता. शिकागो एका गुणाने पुढे होते आणि शेवटची काही सेकंदे उरली होती. जगातील सर्वश्रेष्ठ मानल्या जाणाऱ्या त्या खेळाडूच्या हातातला चेंडू अँडरसनने मागून येऊन उडवला. चेंडू सहकाऱ्यांकडे गेला, गुण झाले आणि ऑर्लँडोने सामना ९४-९१ असा जिंकला. शहराने अँडरसनला डोक्यावर घेतले. पुढे ऑर्लँडोने शिकागोला स्पर्धेतून बाहेर काढले आणि आपल्या इतिहासात प्रथमच अंतिम फेरी गाठली.

त्यानंतर बरोबर एक महिन्याने, ७ जून रोजी, अंतिम फेरीचा पहिला सामना ऑर्लँडोच्याच मैदानावर झाला. समोर होता आदल्या वर्षीचा विजेता, ह्यूस्टन रॉकेट्स. ऑर्लँडोने एके काळी २० गुणांची आघाडी घेतली होती. ह्यूस्टनने ती हळूहळू पुसून टाकली. तरीही साडेदहा सेकंद उरली असताना ऑर्लँडो ११०-१०७ असे पुढे होते. प्रतिस्पर्ध्याने नियमभंग केल्यामुळे अँडरसनला दोन फ्री थ्रो मिळाले.

फ्री थ्रो म्हणजे विनाअडथळा नेम. फलकापासून १५ फुटांवरच्या रेषेमागे उभे राहायचे आणि १० फूट उंचीवरच्या कड्यातून चेंडू टाकायचा. समोर कोणी हात आडवा करत नाही, कोणी धक्का देत नाही. प्रत्येक यशस्वी नेमाला एक गुण मिळतो. पाहणाऱ्याला यापेक्षा सोपे काम दिसत नाही. परंतु खेळातील हीच एक जागा अशी आहे, जेथे सगळी धावपळ थांबते आणि हजारो डोळे एकाच माणसाच्या हाताकडे लागतात. शरीराला विसावा मिळतो, तेव्हा मन बोलू लागते.

अँडरसनचा पहिला नेम चुकला. दुसराही चुकला. कड्यावरून उसळलेला चेंडू त्यानेच झेलला, पुन्हा नियमभंग झाला आणि पुन्हा दोन फ्री थ्रो मिळाले. तेही चुकले. चारांपैकी एक जरी नेम लागला असता, तरी फरक चार गुणांचा झाला असता आणि ह्यूस्टनला एका फेकीत बरोबरी साधता आली नसती. ह्यूस्टनच्या केनी स्मिथने १.६ सेकंद उरलेली असताना दुरून तीन गुणांची फेक केली आणि बरोबरी साधली. वाढीव वेळेत हकीम ओलाजुवानने शेवटच्या क्षणी चेंडू कड्यात ढकलला आणि ह्यूस्टन १२०-११८ असे जिंकले. पुढचे तीन सामनेही ह्यूस्टननेच जिंकले.

शहरात चर्चेला दुसरा विषय उरला नाही. पराभवाचे सारे खापर एकाच माथ्यावर फुटले. महिन्यापूर्वीचा पराक्रम कोणाला आठवेना. त्याच्या नावाशी यमक जुळवून 'वीट' अशा अर्थाचे टोपणनाव रूढ झाले. विटेसारखा जड चेंडू कड्यावर आपटणारा, असा त्याचा रोख होता.

आता शांतपणे हिशेब मांडून पाहावा. त्या हंगामात अँडरसनचे शंभरातील सुमारे ७० फ्री थ्रो यशस्वी झाले होते. अशा खेळाडूचे सलग चार नेम चुकण्याची शक्यता गणिताने शंभरात एकाहूनही कमी येते. म्हणजे घडले ते त्याच्या नेहमीच्या कौशल्याचे माप नव्हते. शिवाय २० गुणांची आघाडी एकट्याने गमावता येत नाही. केनी स्मिथला ती फेक करू देणारे खेळाडूही मैदानावर होते. ओनीलसारख्या मोठ्या खेळाडूचे तर जवळजवळ निम्मे फ्री थ्रो नेहमीच वाया जात, पण ते हंगामभर विखुरलेले असत. अँडरसनचे चार नेम एकाच ठिकाणी, सर्वांच्या डोळ्यांदेखत चुकले. लोकांची स्मृती बेरीज करत नाही, ती चित्र जपून ठेवते.

या चित्राने अँडरसनचाही पिच्छा सोडला नाही. ते चार नेम मनातून जात नव्हते, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले. १९९६-९७ च्या हंगामात त्याच्या फ्री थ्रोंचे यश शेकडा ४० पर्यंत घसरले. फ्री थ्रो मिळूच नयेत म्हणून तो कड्याकडे मुसंडी मारणे टाळू लागला. चुकीची भीती मूळ चुकीपेक्षा मोठी झाली. परीक्षेत एकदा नापास झालेला विद्यार्थी पुन्हा वर्गात पाऊल टाकताना का कचरतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला अँडरसनची ही अवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

याचा अर्थ प्रेक्षकांनी बोलूच नये असा मुळीच नाही. तिकिटासाठी पैसे मोजणाऱ्याला आणि संघासाठी रात्र जागवणाऱ्याला मत असणारच. चुकीला चूक म्हणणे हा त्याचा हक्क आहे. किंबहुना अशा चर्चेतूनच खेळाची जाण वाढते. प्रश्न एवढाच, की बोलणे कृतीविषयी आहे की माणसाविषयी. 'नेम चुकला,' हे वाक्य त्या क्षणापुरते असते. 'तो असाच आहे,' हे वाक्य त्या माणसाच्या पुढच्या सगळ्या क्षणांवर निकाल देऊन मोकळे होते. पहिल्या वाक्यानंतर सुधारणेला जागा उरते, दुसऱ्यानंतर उरत नाही.

अँडरसन १९९९ पर्यंत ऑर्लँडोकडून खेळला आणि त्या संघासाठी त्याने दहा हजारांहून अधिक गुण मिळवले. निवृत्तीनंतर तो त्याच संघाच्या वतीने ऑर्लँडोच्या नागरिकांमध्ये काम करू लागला. २०१४ मध्ये संघाने आपले सन्मानदालन सुरू केले, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्याचे नाव होते. ज्या शहराने त्याला बोल लावले, त्याच शहराने उशिरा का होईना, पण हिशेब पूर्ण केला. दहा हजार गुणांच्या वहीत चार रिकाम्या जागा असणारच. वही वाचताना नजर कोठे ठेवायची, हे वाचणाऱ्याच्या हाती असते.