वीस लाख गोट्यांचं चर्च

शहर आखताना त्यात चर्चला जागाच ठेवायची नाही, असं पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीनं १९४९ मध्ये ठरवलं. शहराचं नाव नोवा हुता, म्हणजे नवा पोलाद कारखाना. क्राकोसारख्या जुन्या, देवभोळ्या शहराला खेटूनच ते उभं राहिलं. रुंद रस्ते, झाडं, शाळा, दवाखाने, नाट्यगृह, सगळं कसं नेटकं! १९५४ मध्ये लेनिनच्या नावाचा कारखानाही धडधडू लागला. कामगार मात्र आले ते खेड्यापाड्यांतून, बहुतेक सगळे कॅथलिक. आजूबाजूच्या जुन्या वाड्यांतून चर्च होती, मोगिलाचा प्राचीन मठ होता. नव्या शहराच्या नकाशात मात्र काहीच नव्हतं.

युरोपचा इतिहास शिकवताना हे सांगितलं की वर्गातली मुलं विचारतात, "मॅडम, मग बिघडलं काय? प्रार्थना घरीही करता येते की!" प्रश्न चुकीचा नाही. पण मला तेव्हा आमच्या सासूबाई आठवतात. आम्ही गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत राहायला आलो, तेव्हा घर बघून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला होता, "गुडी एल्लैती?" देऊळ कुठं आहे? नकाशात उद्यान होतं, पाण्याची टाकी होती, एक सी. ए. साईट होती. देऊळ नव्हतं. सासूबाईंचं सोवळंओवळं फारसं कडक नव्हतं. घरात देवघर होतंच. त्यांना हवा होता कट्टा. संध्याकाळी टेकायला, कुणाची सून बाळंत झाली, कुणाला बरं नाही, हे कळायला. आमच्याकडे कुणी बंदी घातली नव्हती, फक्त कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नोवा हुतात बंदीच होती, एवढाच फरक.

लोकांनी मागणी लावून धरल्यावर सरकार थोडं नमलं. १९५७ मध्ये एका जागेवर लाकडी क्रूस उभा राहिला. मग परवानगी फिरवली गेली. २७ एप्रिल १९६० रोजी क्रूस काढायला माणसं आली तेव्हा आधी बायका धावल्या, मग कारखान्यातून कामगार आले. रात्रीपर्यंत पोलिसांशी झटापट चालली. अनेकांना मार बसला, धरपकड झाली. पण क्रूस राहिला. त्या काळात क्राकोचे बिशप कारोल वोयतिवा नाताळच्या मध्यरात्री इथं उघड्यावर, कडाक्याच्या थंडीत मिस्सा करीत. हेच पुढे १९७८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे झाले.

शेवटी १९६७ मध्ये परवानगी मिळाली, तीही त्या जागेवर नव्हे, तर जवळच्या बियेंचित्से भागात. वास्तुविशारद वोयचेख पिएत्शिक यांनी चर्चला नोहाच्या जहाजाचा आकार दिला. वर सत्तर मीटरची डोलकाठी, टोकाला क्रूस. आपलं चंडीगड आखणाऱ्या ले कॉर्बुझिए यांच्या फ्रान्समधल्या राँशां चर्चची छाया त्यावर पडली आहे. जहाजाचा अर्थ लगेच कळतो. मला विचाराल तर जरा जास्तच लगेच. मला त्यांचं मोठेपण वाटतं ते भिंतींत. काँक्रीटच्या भिंतींवर बाहेरून नदीतले गोटे बसवायचे, असं त्यांनी योजलं. किती? सुमारे वीस लाख! पोलंडभरच्या नद्यांतून लोकांनी ते वेचून आणले. सरकारची मदत नव्हती, त्यामुळे बांधकामही मुख्यत्वे स्वयंसेवकांच्या हातांनी झालं. दहा वर्षं लागली. काच नि पोलादाची चकचकीत इमारत काढली असती तर म्हाताऱ्या माणसाला आणि शाळकरी पोराला तिथं काय काम मिळालं असतं? गोटा मात्र कुणालाही उचलता येतो. पायाचा दगड रोमच्या सेंट पीटर बॅसिलिकेतून आला, पोप सहावे पॉल यांनी दिलेला. पण माझं मन त्या बिननावाच्या गोट्यांतच रमतं. १५ मे १९७७ रोजी, भर पावसात की उन्हात ते असो, कार्डिनल झालेल्या वोयतिवांनीच या चर्चचं पवित्रीकरण केलं. शहर आखल्याला तोवर अठ्ठावीस वर्षं झाली होती.

या चर्चमध्ये मरियमेची एक मूर्ती आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली इटलीतल्या माँटे कॅसिनोच्या लढाईत जखमी झालेल्या पोलिश सैनिकांच्या अंगातून काढलेल्या बॉम्बच्या कपच्या वितळवून ती केली आहे. हे वाचलं आणि मी कोल्हापूरला जाऊन पोहोचले. कारण ज्या अँडर्स सेनेच्या जवानांनी ती लढाई दिली, तिच्याबरोबर सोव्हिएत रशियातून सुटलेल्या हजारो बायकामुलांपैकी सुमारे पाच हजार जणांना १९४३ पासून आसरा मिळाला होता कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला! महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. आपल्यापैकी किती जण त्याच्या शेजारी भेळ खाऊन आले असतील. वळिवड्याची ती छावणी तात्पुरती, १९४८ मध्ये मोडलीदेखील. पण तिथं शाळा, दवाखाना यांच्याबरोबर चर्च होतं.

कोल्हापूर आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. यंदा दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन वळिवड्याला जायचं ठरवते आहे. सासूबाई म्हणतात, मीही येते, जाताना अंबाबाईचं दर्शन घेऊ.