टेपयंत्राची निवड

आज आलेली दरपत्रके चाळताना मनात वारंवार येत होते की, दप्तराच्या संगणकीय प्रती ठेवण्यासाठी कोणते टेपयंत्र घ्यावे हा प्रश्न वरकरणी खरेदीखात्याचा असला, तरी वस्तुतः तो विश्वासाचा आहे. कारण मूळ दप्तर नष्ट झाले, तर सारी भिस्त या यंत्रावर राहणार. २०११ च्या फेब्रुवारीत सदोष आज्ञावलीमुळे जीमेलच्या काही खातेदारांची पत्रे नाहीशी झाली, तेव्हा गूगललाही ती टेपवरूनच परत आणावी लागली. संगणकांपासून अलग ठेवलेल्या टेपांपर्यंत तो दोष पोहोचूच शकला नव्हता.

२००० साली अवतरलेली एलटीओ पद्धती मला ग्राह्य वाटते, ती अशासाठी की आयबीएम, एचपी आणि सीगेट यांनी ती संयुक्तपणे सिद्ध केल्यामुळे एका कंपनीच्या यंत्रावर लिहिलेली टेप दुसरीच्या यंत्रावर वाचता येते. अर्धा इंच रुंदीच्या फितीवर मजकूर उमटताच पाठोपाठचे वाचनशीर्ष तो तत्क्षणी ताडून पाहते. तथापि सातव्या पिढीचे यंत्र पाचवीच्या टेपा वाचत असले, तरी आठवीचे यंत्र सातवीच्या मागे जात नाही, हे ध्यानी घेतल्यावाचून तजवीज करू नये. तसेच संगणकाने मजकूर संथपणे पुरवला, तर फीत वारंवार थांबून मागे सरते व शीर्षासह झिजते. म्हणून वेगाचा मेळही पाहावा.

हमीपत्र कितीही भारदस्त असले, तरी लिहिलेली टेप दुसऱ्या यंत्रावर चढवून, तीवरील मजकूर मुळाबरहुकूम उतरतो की नाही हे पाहिल्याखेरीज मी कोणत्याही यंत्राची शिफारस करणार नाही.