ओबनचा खारट घोट

स्कॉच डिस्टिलरी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हिरवी दरी, झुळझुळणारा ओढा, दोन-चार मेंढ्या. कॅलेंडरवर छापतात ना, अगदी तस्संच. ओबनला यातलं काहीही नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या गावात डिस्टिलरी चक्क बाजारपेठेत उभी आहे. समोर बंदर, आजूबाजूला दुकानं, पाठीला कडा. १७९४ साली ती सुरू झाली आणि गाव तिच्याभोवती वाढत गेलं. आता तिला हातपाय पसरायला जागाच नाही, म्हणून तांब्याच्या भट्ट्या आजही दोनच. गिरगावातल्या जुन्या खानावळीसारखं आहे हे. टेबलं तेवढीच, नाव मात्र जगभर.

ग्लासगोहून ट्रेननं साधारण तीन तास लागतात. खिडकीची जागा पकडा, बाकी काम तळी आणि डोंगर करतात. गावावरच्या टेकडीवर रोमच्या कलोसियमची नक्कल दिसेल. मॅकेग नावाच्या बँकरनं १८९७ साली ती बांधायला घेतली, १९०२ साली तो गेला आणि काम तिथंच थांबलं. फोटो काढा आणि खाली उतरा, कारण खरी मजा खाली आहे. बंदरावर हिरव्या टपरीत ताजी कालवं, शिंपल्या मिळतात. आधी त्या हाणा, मग व्हिस्की.

डिस्टिलरीच्या टूरमध्ये पिंपातली व्हिस्की चाखायला देताना सोबत साखरेत घोळवलेला आल्याचा तुकडा देतात. म्हणजे आपला आलेपाकच की हो! भन्नाट जमतं ते.

मग आली चौदा वर्षं मुरलेली ओबन. मुंबईतल्या एका बारमध्ये मी मागवलेला पेग वेटरनं सवयीनं शेजारच्या मित्रापुढे ठेवला होता. इथं माझ्या बाजूला बसलेल्या सत्तरीच्या आजी पाण्याचा थेंबही न घालता शांतपणे घुटके घेत होत्या आणि त्याचं कुणाला काहीच वाटत नव्हतं. बरं वाटलं.

आधी संत्र्याच्या सालीचा वास येतो, मागून थोडा मध. मग समुद्र. मासळीबाजाराचा वास नव्हे हं! ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या खडकांचा. जिभेच्या कडांना मीठ लागल्यासारखं होतं आणि अगदी शेवटी धूर. आयला बेटावरच्या लॅफ्रॉइगसारखा अंगावर येणारा नाही, हलका.

आता हे मीठ येतं कुठून? समुद्रावरून, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण मिठाचं पाणी उकळलं तर वाफ वर जाते, मीठ भांड्यातच राहतं. आपल्या मिठागरांचा धंदा त्यावरच चालतो. व्हिस्कीही वाफेचीच, तेव्हा भट्टीतून मीठ येणं शक्य नाही. पिंपं खारा वारा पितात म्हणावं, तर किनाऱ्यावरच्या बऱ्याच डिस्टिलऱ्यांची व्हिस्की समुद्रापासून लांबच्या गोदामांत मुरते. धुराचं मात्र सरळ आहे. बार्लीला मोड आणून ती वाळवताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेला झाडपाला. त्याच्या धुरातली फिनॉल नावाची संयुगं बार्लीला चिकटतात आणि पार ग्लासापर्यंत येतात. त्यातल्या काहींचा वास आयोडीनसारखा, औषधी. माझ्या मते निम्मा समुद्र तिथून येतो. उरलेला निम्मा खिडकीतून दिसणारं बंदर आणि पोटातली कालवं पुरवतात. पुरवू देत की! चव खोटी ठरत नाही त्यानं.

टूरमधल्या प्रत्येकाला विचारलं, काय आठवतं? एक जर्मन म्हणाला, बोटीचा दोर. आजी म्हणाल्या, ओली लोकर. मी म्हटलं, बंब. शेजारच्या घरात सकाळी बंब पेटवलाय आणि धूर आपल्या अंगणात आलाय, तेवढाच. मग बंब म्हणजे काय हे हातवारे करून समजावलं. गाइडनं तो शब्द तीनदा म्हणवून घेतला. त्याच्या आजीच्या घरी शेगडीत पीट जळायचं म्हणे.

ऑफिस पार्टीत कुणी बाटलीमागच्या नोट्स मोठ्यानं वाचायला लागलं की मला म्हणून हसू येतं. तिथं छापलंय ते सापडलं नाही तर तुमची जीभ नापास होत नाही. एक मात्र सांगते, बर्फ घालू नका. गारठ्यात वास मिटतो. ४३ टक्क्यांच्या या व्हिस्कीत साध्या पाण्याचे चार थेंब टाका, ती खुलते.

टूरचं बुकिंग आधीच करा. जागा कमी, गर्दी जास्त. गाडी भाड्यानं घेणार असाल तर सांभाळून, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ड्रिंक-ड्राइव्हची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे. मी ट्रेननं गेले होते, त्यामुळे आजींनी दुसरा ग्लास पुढे सरकवला तेव्हा नाही म्हणायला कारणच नव्हतं.