मॉरिशसच्या किनारी मांडव

पुतणीचे लग्न मॉरिशसला, समुद्राच्या काठी करावयाचे असे धाकट्या बंधूंच्या घरी ठरले, आणि पाहणीसाठी तिच्यासमवेत माझी रवानगी झाली. बडोद्याच्या आमच्या वाड्यात एवढे प्रशस्त अंगण असताना समुद्र ओलांडून मांडव घालण्याची हौस मला उमगत नव्हती, हे कबूल करतो. परंतु विमान उतरू लागले, उसाच्या हिरव्या मळ्यांतून वर आलेले काळे डोंगर आणि प्रवाळाच्या बांधाआड निवांत पहुडलेले निळे पाणी दृष्टीस पडले, तेव्हा माझा विरोध काहीसा सैल झाला.

हॉटेलच्या व्यवस्थापकांनी फुलांची कमान, वाद्ये, पंगतीची जागा, सारे हौसेने दाखविले. मुलगी शांतपणे ऐकत होती. अखेर तिने विचारले, "पण काका, लग्नाचा दाखला कोण देणार?" व्यवस्थापक नुसते हसले. त्यांच्या दरपत्रकातील विवाह हा केवळ सोहळा होता. कायद्याचे लग्न ही निराळी बाब! भावी जावई परदेशी नोकरीस. दाखल्यावाचून मुलीला त्याच्याकडे जाता यावयाचे नाही. ही गोष्ट आम्हां वडीलधाऱ्यांपैकी एकालाही सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोर्ट लुईचे नोंदणी कार्यालय गाठले. 1810 मध्ये इंग्रजांनी हे बेट जिंकले, तरी फ्रेंचांचा दिवाणी कायदा तेथे टिकून राहिला. परदेशी वधूवरांनी जन्मदाखले, पारपत्रे व अविवाहित असल्याचा पुरावा सादर करावा. आपण उभयता तेथील नागरिक वा रहिवासी नाही, असा दाखला तेथूनच घ्यावा. मग अधिकाऱ्यापुढे, साक्षीदारांसमक्ष सह्या कराव्यात. पतिपत्नींची मालमत्ता सामाईक की स्वतंत्र, हेही ठरवावे लागते. हा प्रश्न आपल्याकडे बोहल्यावर निघाला तर वऱ्हाडाचे काय होईल, कोण जाणे! आपल्या वकिलातीत 1969 च्या विदेशी विवाह अधिनियमाखाली लग्न लागते खरे. परंतु नोटिशीपूर्वी एका पक्षाचे तेथे तीस दिवस वास्तव्य हवे, नंतर हरकतींसाठी आणखी तीस दिवस. चार दिवसांच्या वऱ्हाडाला तो मार्ग बंदच.

मुहूर्ताचे त्रांगडे याहून अवघड निघाले. नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत तेथे चक्रीवादळांचा हंगाम, म्हणजे आपले मार्गशीर्ष, माघ, फाल्गुन त्यातच गेले. पुढे हवा कोरडी व सुखद होते, तोवर आपला चातुर्मास येऊन ठेपतो. उरला ज्येष्ठ. तेथील घड्याळ आपल्याहून दीड तास मागे असले, तरी बडोद्याच्या मुहूर्तातून दीड तास वजा करून भागत नाही. सूर्योदय-सूर्यास्त तिथलेच धरावे लागतात. शिवाय पूर्व किनाऱ्यावर आग्नेयेचे वारे असे की अंतरपाट हाती राहू नये. म्हणून पश्चिम किनारा आणि गोरज मुहूर्त पक्का केला. नोंदणी त्याच्या आदल्या दिवशी.

परतण्यापूर्वी आप्रवासी घाट पाहिला. 1834 पासून सुमारे पाच लाख भारतीय मजूर करारावर या बंदरात उतरले. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. धर्मविधीने लागलेली त्यांची लग्ने नोंदीवाचून कायद्याच्या लेखी कित्येक वर्षे लग्नेच नव्हती. या मजुरांची बाजू मांडण्यास गांधीजींच्या सांगण्यावरून 1907 मध्ये आलेले बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर हे जन्माने बडोद्याचे! त्या दगडी पायऱ्यांवर मुलगी बराच वेळ कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला उठवले नाही.

सायंकाळी कास्कावेल या मराठी वस्तीतील देवळात गेलो. घरात क्रिओल बोलणाऱ्या एका आजीबाईंनी मोडक्या मराठीत आमची सारी हकिगत ऐकून घेतली, मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारले, "हिच्या पाठीशी उभा राहायला मामा येणार ना?"

येणाऱ्यांच्या यादीत मामाचे नाव नव्हते. त्याच रात्री बंधूंना दूरध्वनी केला.